घाईबाईचं दृढीकरण

माझ्या बहिणीचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. कामाची पाळी उजाडल्यावर आणि लॉन्ड्री दोन गल्ल्या सोडून. मग इतक्या लवकर उठून ही बाई करायची काय, हे मी तिला जन्मभर विचारत आलो. तिचं उत्तर ठरलेलं. "उशीर झाला तर?"

मी तिला ताई म्हणतो. इस्पितळाच्या लॉन्ड्रीत तिला सगळे घाईबाई म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. पाठीमागे म्हणायला ती एका जागी थांबायची कुठे?

मी गवंडी. गिलाव्याचं काम. त्या लॉन्ड्रीत वाफेने भिंती सुटायच्या, म्हणून अधूनमधून मला तिथे बोलावणं असायचं. त्यामुळे ताईचं काम मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. मळक्या चादरी गाड्यांतून यायच्या. रक्ताच्या वेगळ्या काढून आधी थंड पाण्यात. गरम पाण्यात गेली की डाग कायमचा बसला. धुवून झाल्यावर चादर तापलेल्या मोठ्या रोलरमध्ये घालायची. दोघी अलीकडून कोपरे धरतात, दोघी पलीकडून झेलतात. कोपरे सारखे ताणले नाहीत तर चादर तिरकी जाते आणि सुरकुती भाजून पक्की होते. अशी चादर दुबारच्या टोपलीत जायची, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून धुणं. ताईच्या हातची चादर त्या टोपलीत क्वचितच गेली. गेली तर ती एक शब्द न बोलता उचलायची आणि पुन्हा धुवायची.

कामाच्या बाबतीत मी कोणाला उगाच चांगलं म्हणत नाही. पाट्या टाकणारे खूप पाहिले. ताई चांगली होती.

घरात मात्र ती डोक्याला ताप होती. पाहुणे यायच्या आधीच चहा करून ठेवायची आणि मग थंड चहा त्यांच्यापुढे सरकवायची. माझ्या लग्नाचा कोट तिने इतका आधी शिवून आणला की लग्नाच्या दिवशी मी त्यात मावेना. "तू जाड झालास, त्यात माझा काय दोष?" वर हे ऐकायचं.

नवरा लवकर गेला. मुलाला तिने चादरी ओढून वाढवलं. हा माझा भाचा माल पोचवायची व्हॅन चालवतो. त्याची बायको औषधांच्या दुकानात काम करते. पोरगी शांत, मोजकं बोलणारी, आणि एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांना मुलगी झाली तेव्हा ताईने सकाळचीच पाळी धरून ठेवली, म्हणजे दुपारी नात तिच्याकडे राहील. लॉन्ड्रीतून निघायची ती जवळजवळ पळतच. त्या दुपारींसाठी ती जगायची. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, पण खरं होतं.

आता घोडं कुठे अडलं ते सांगतो. आम्ही कॅथलिक. आमच्यात मूल तान्हं असतानाच बाप्तिस्मा देतात. डोक्यावर पाणी ओतून, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. त्या वेळी मुलाच्या बाजूने एक धर्ममाता किंवा धर्मपिता उभा राहतो आणि मुलाच्या श्रद्धेची जबाबदारी घेतो. सुनेला धर्ममाता म्हणून तिची धाकटी बहीण हवी होती. दोघी आईबापांविना एकमेकींच्या आधाराने वाढलेल्या. धाकटी दूर देशी म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची. रजा मंजूर व्हायची आणि पुन्हा रद्द व्हायची. सून म्हणाली, थांबू.

थांबू हा शब्द ताईपुढे म्हणजे विस्तवावर तेल.

"मूल रांगायला लागलं," ताई म्हणायची. "आता काय चालत जाणार आहे ते बाप्तिस्म्याला?"

"गेलं तर जाऊ दे, आई," सून म्हणायची. "माझी बहीण तिचा हात धरून नेईल."

"आणि मध्येच काही झालं तर?"

"काही होत नाही."

एका दुपारी मुलीला ताप आला. ताईने अंग पुसून काढलं. ताप उतरेना. मुलाला फोन लावला, तो व्हॅन चालवत होता. सुनेला लावला, ती म्हणाली निघालेच. तेवढ्या वेळात ताईने काय करावं? मुलीला स्वयंपाकघरातल्या नळाखाली नेलं आणि बाप्तिस्मा देऊन टाकला. जीव जायची वेळ आली असेल तर हे कोणीही करू शकतं, अशी आमच्या चर्चची शिकवण आहे. पण इथे कोणाचा जीव जात नव्हता. डॉक्टर म्हणाले, घसा सुजलाय. संध्याकाळी पोरगी बिस्कीट मागत होती.

ताईने कोणालाच सांगितलं नाही. मलाही नाही.

शेवटी धाकटीची रजा पक्की झाली. तिकीट काढलं. ताईने गेल्या कितीतरी पगारांतून बाजूला ठेवलेल्या पैशांवर जेवणाचा बेत आखला, केक सांगितला. बाप्तिस्म्याआधी आईवडिलांना चर्चच्या कचेरीत फादरांकडे शिकवणीला बसावं लागतं. ताई बसणारच. आणि ताई कुठेही गेली की तिला सोबत लागते, म्हणून माझीही दुपार गेली.

फादर नवे होते. हसरे, पण सैल नव्हते. त्यांनी आधी विचारलं, "मुलीला हॉस्पिटलमध्ये वगैरे, घाईगर्दीत, बाप्तिस्मा दिलेला नाही ना?"

"नाही," सून म्हणाली.

ताई खुर्चीत हलली. मला वाटलं गुडघा दुखतोय.

फादर समजावून सांगू लागले. "बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे तीन वेगळे समारंभ समजू नका. ख्रिस्ताच्या घरात माणूस शिरतो त्याचेच हे तीन भाग. बाप्तिस्म्यात नवा जन्म होतो. दृढीकरणात बिशप कपाळाला तेल लावतात, पवित्र आत्म्याच्या दानाचा शिक्का बसतो, उभं राहायचं बळ मिळतं. आणि ख्रिस्तप्रसादात ख्रिस्त स्वतः अन्न होऊन येतो. पहिले दोन एकदाच होतात. तिसरा जन्मभर."

"जन्म एकदा, जेवण रोज," भाचा म्हणाला.

"अगदी बरोबर."

ताईने घसा खाकरला. "फादर, समजा चुकून दोनदा झाला. बाप्तिस्मा."

"दुसऱ्यांदा होतच नाही. नुसतं पाणी सांडतं. जाणूनबुजून केला तर पहिल्याचा अपमान."

"आणि पहिला जर स्वयंपाकघरात झाला असेल तर?"

सुनेने मान वळवली. सावकाश.

"आई?"

"ताप होता," ताई म्हणाली. "तुम्ही दोघं पोचला नव्हता."

मी कपाळाला हात लावला. भाच्याने टेबलाकडे बघितलं. फादरांनी मात्र खुर्ची पुढे ओढली आणि एकेक विचारायला सुरुवात केली.

"पाणी साधंच होतं?"

"नळाचं. कोमट करून घेतलं. कोपराला लावून बघितलं."

"डोक्यावरून वाहिलं?"

"वाहिलं म्हणजे! झबलं भिजलं, बदलावं लागलं."

"ओतताना काय म्हणालात?"

ताईने शब्द म्हणून दाखवले. मी तुला पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते. एकही शब्द कमीजास्त नाही.

"आणि चर्च जो बाप्तिस्मा देतं तोच द्यायचा, हे मनात होतं?"

"मग काय केस धुवायला नेलं होतं?"

फादर मागे टेकले. "मग झालेला आहे. आता पुन्हा देता येणार नाही." आणि ताईचा चेहरा उजळलेला बघून आवाज चढवून म्हणाले, "झाला हे खरं. पण करायला नको होता, हेही खरं. मूल मरणाच्या दारात नव्हतं. आईवडील अर्ध्या वाटेवर होते. तो निर्णय त्यांचा होता. तुम्ही तो त्यांच्या हातून काढून घेतलात."

ताईला त्यातलं पहिलं वाक्यच ऐकू आलं.

"हे शब्द तुम्ही कुठे शिकलात?" फादरांनी विचारलं.

"लहानपणी. दृढीकरणाच्या वर्गात."

"म्हणजे दृढीकरण झालंय तुमचं."

"नाही. दृढीकरणाच्या रविवारीच लॉन्ड्रीत माझा पहिला दिवस होता. चुकवला असता तर काम गेलं असतं. बिशप येऊन गेले. मग राहूनच गेलं."

हे मलाही नव्याने कळत होतं. सगळ्या जगाची कामं वेळेआधी उरकणारी बाई, आणि स्वतःचं काम तसंच टाकलेलं. फादर म्हणाले, "त्याचं बघू आपण." सून उठली होती. दारात तिने ताईकडे न बघता सांगितलं, "आई, उद्यापासून तिला पाळणाघरात ठेवते."

दुसऱ्या दिवसापासून ठेवलीही.

धाकटी आली. रविवारी चर्चमध्ये जे राहिलं होतं ते झालं. फादरांनी मुलीच्या टाळूला तेल लावलं, अंगावर पांढरं वस्त्र घातलं, धाकटीच्या हातात पेटवलेली मेणबत्ती दिली. पाणी नाही. बाप्तिस्म्याच्या कुंडावर झाकण होतं. धाकटी सारखी त्या झाकणाकडे बघायची. इतक्या लांबून ती ज्याच्यासाठी आली होती ते एका नळाखाली उरकून गेलं होतं. ताई शेवटच्या बाकावर बसली होती. तिलाही ते दिसलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

जेवण रद्द झालं. "जेवण कशाचं?" सून म्हणाली. "जे व्हायचं ते तुमच्या घरी झालंय."

मग माझे हाल सुरू झाले. दुपार मोकळी झाली म्हणून ताई माझ्या दारात.

"मी चुकीचं काय केलं ते सांग," ती म्हणायची. "झाला ना बाप्तिस्मा? फादरच म्हणाले."

"झाला."

"मग?"

"मग जा आणि तिला सांग की चुकलं."

"पण झाला ना?"

दगडाशी बोललेलं परवडलं. दगडाला निदान छिन्नीने चार टवके निघतात. मी म्हणायचो, तुझं बरोबर आहे एवढंच तू धरून बसलीस तर नात दिसायची नाही. ती म्हणायची, तू तिच्या बाजूचा. मग चहा पिऊन जायची. जाताना पाळणाघराच्या गल्लीतून जायची. ती तिच्या वाटेत नव्हती.

फादर विसरले नव्हते. त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि दृढीकरणाच्या वर्गात बसा म्हणाले. ताईचा पहिला प्रश्न, "तेल तुमच्याकडे आहेच ना? मग आत्ताच लावून टाका. एक काम तरी उरकेल."

"बिशप येतील तेव्हा."

"ते कधी येतील?"

"वर्ग पूर्ण झाल्यावर. आणि हे उरकायचं काम नाही."

आठवी-नववीच्या पोरांमध्ये ही जाऊन बसली. पोरं आजी म्हणायची आणि तिच्याकडून लिमलेटच्या गोळ्या उकळायची. शिकवणाऱ्या बाई सावकाश शिकवायच्या, तेही ताईला सोसायचं नाही. घरी येऊन माझ्यावर राग. "एक पान! अख्ख्या तासात एक पान!" एकदा बाईंनी विचारलं, शिक्का म्हणजे काय समजलात? ताई म्हणाली, "आमच्याकडे प्रत्येक चादरीवर इस्पितळाचा शिक्का असतो. कितीही धुवा, जात नाही. चादर फाटली, तिचं फडकं केलं, तरी फडक्यावर शिक्का असतो. कोणाची चादर ते कळतं." बाई म्हणाल्या, हे मी पुढच्या वर्षीच्या वर्गाला सांगेन. ताईने हे मला इतक्या वेळा ऐकवलं की पाठ झालं.

वर्ग संपत आला आणि निरोप आला. बिशप आजारी, तारीख पुढे गेली. काही दिवसांनी आणखी पुढे.

ताई तणतणत माझ्याकडे आली. पायातली चप्पल काढायचीही सवड नाही. "थट्टा आहे का? माणूस तयारी करून बसलाय! मी आणखी किती थांबायचं?"

मी घराच्या मागच्या भिंतीला गिलावा केला होता, त्यावर पाणी मारत होतो. गिलावा नुसता चढवून चालत नाही, रोज पाणी मारावं लागतं, तेव्हा कुठे तो घट्ट होतो. ज्याला धीर नाही त्याची भिंत तडकते. तिच्या बोलण्याने माझं डोकं उठलं होतं.

"सुनेला विचार," मी म्हणालो. "किती थांबता येतं ते तिला चांगलं माहीत आहे."

मी वळून बघितलं. ताई पायरीवर बसली होती. आमच्या ताईला मी दिवसाउजेडी रिकाम्या हाताने बसलेली पहिल्यांदा बघत होतो.

"त्या धाकटीचा चेहरा," ती म्हणाली.

"हं."

"झाकणाकडे बघत होती."

"मग? बघणारच."

चप्पल काढून बाजूला ठेवत ती म्हणाली, "चादर असती तर पुन्हा धुतली असती रे."

त्याच संध्याकाळी मला घेऊन ती भाच्याकडे गेली. सून भांडी पुसत होती. मुलगी आजीला बघून धावत आली. ताईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उचललं नाही. सुनेच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"मला दृढीकरणाला धर्ममाता लागते," ताई म्हणाली. "मागे उभी राहून खांद्यावर हात ठेवणारी."

"मामींना विचारा."

"तू हो."

सुनेने फडकं खाली ठेवलं. "मी? का?"

"तुला थांबता येतं. मला येत नाही." ताईला पुढचा शब्द सापडेना. लॉन्ड्रीत कुठल्या चादरीची माफी मागायची वेळ येत नाही, त्यामुळे सराव नव्हता. "तुझ्या हातून काढून घेतलं मी. तुझ्या बहिणीच्याही. चुकलं माझं."

भाचा दारात उभा राहून ऐकत होता. मी त्याला डोळ्याने गप्प बस म्हणालो.

"विचार करून सांगते," सून म्हणाली.

"कधी सांगशील?"

"आई."

"बरं," ताई म्हणाली. "बरं, बरं."

सुनेने चांगला वेळ घेतला. मुद्दाम घेतला असं माझं मत आहे आणि मला ते आवडलं. त्या दिवसांत ताईने माझा जो छळ केला तो मी लिहीत बसत नाही. पण सुनेला तिने एकदाही विचारलं नाही. फोन हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. मग एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर सून म्हणाली, "पांढरा ब्लाउज आहे ना तुमच्याकडे? नसेल तर माझा देते." एवढंच.

बिशप आले. पोरांची रांग, त्यात मधोमध माझी पिकल्या केसांची बहीण. पांढरा ब्लाउज तिने स्वतः इस्त्री केला होता, त्यामुळे बाकीच्यांचे चुरगळलेले दिसत होते. मागे सून, उजवा हात ताईच्या खांद्यावर. रांग हळूहळू सरकत होती. ताई पाय बदलत होती. मी बाकावरून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आता तरी नीट कर बाई.

बिशपांनी अंगठा तेलात बुडवला, तिच्या कपाळावर क्रूस काढायला घेतला, "पवित्र आत्म्याच्या दानाचा..." एवढं म्हणाले, आणि ताई खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन!"

मागची पोरं फिस्सकन हसली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बिशप थांबले होते. तेही हसत होते. सुनेने खांदा जरा दाबला. बिशपांनी वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं, शेवटपर्यंत नेलं. ताई ओठ घट्ट मिटून उभी. वाक्य संपलं. तिने आणखी एक श्वास जाऊ दिला, आणि मग आमेन म्हणाली.

त्यानंतर ख्रिस्तप्रसाद घ्यायला सगळे रांगेत गेले. ताई सुनेच्या मागे गेली. पुढे नाही.

सोमवारी दुपारी सून मुलीला घेऊन ताईच्या दारात. "पाळणाघराला सुट्टी आहे," म्हणाली. मी येताना त्याच गल्लीतून आलो होतो, पाळणाघर उघडं होतं, पोरांचा गलका रस्त्यापर्यंत येत होता. ताईने नातीला उचलून घेतलं. त्या दिवसानंतर पाळणाघराला रोजच सुट्टी असायची.

आता ताईने काम सोडलंय. दिवस अजून पावणेचारलाच सुरू होतो. करायला काही नसतं, म्हणून मला फोन करते. नात मोठी झाली आणि तिच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाची वेळ आली. मला वाटलं आता पांढऱ्या झग्याची घाई सुरू होणार. तसं झालं नाही. झगा सुनेने घेतला, सुनेच्या पसंतीचा, आणि तोही अगदी आदल्या आठवड्यात. ताई नुसती येरझारा घालत राहिली.

जेवणासाठी बाजूला ठेवलेले ते पैसे, चादरी ओढून मिळवलेले, तसेच पडून होते. त्यांना ती हात लावू देत नव्हती. मी एकदा म्हणालो, गुडघ्याचं ऑपरेशन करून घे. म्हणाली, "गुडघा थांबेल." हे तिच्या तोंडून! मग एके दिवशी ती सुनेकडे गेली आणि विचारलं, "तुझ्या बहिणीचं येण्याजाण्याचं तिकीट मी काढू का? तारीख तू सांग. नको म्हणालीस तरी चालेल."

सून म्हणाली, बहिणीशी बोलून सांगते. ताई थांबली.

धाकटी आली. मुलगी वेदीसमोर गेली तेव्हा धर्ममाता तिच्या शेजारी होती, अगदी जवळ. ताई शेवटच्या बाकावर बसणार होती, पण सुनेने तिला ओढून पुढे नेलं. पैसे सगळे त्या तिकिटात गेले.